हातचा एक

पहाटे ५.१०

कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत टाचण व्हायला हवं, असा माझा नेम आहे. ओट्यावर एका बाजूला कणकेची परात, दुसऱ्या बाजूला टाचण वही. 'इयत्ता तिसरी, विषय गणित, घटक वजाबाकी.' पानांच्या कडांना पिठाची बोटं लागलेली आहेत. केंद्रप्रमुख सही करताना ती बघतात आणि काही म्हणत नाहीत.

एका दिवसाचं टाचण लिहायला मला सात मिनिटं लागतात. डी.एड.ला होते तेव्हा एका सराव पाठाच्या टाचणात सबंध रात्र जायची. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन आणि पुढचं सगळं. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेली पाच पायऱ्यांची शिडी आम्ही जालन्यात बसून पाठ करत होतो. मागच्या बाकावर निरीक्षक सर असायचे. 'आज आपण अमुक शिकणार आहोत' हे वाक्य राहिलं की गुण गेलेच. २००७ साली महिना तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले, तेव्हा मी घरातही हेतुकथन केल्याशिवाय तोंड उघडत नसे, असं सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

आता ती शिडी हातात बसली आहे. हात लिहितो आणि डोकं डब्यात मेथी द्यावी की बटाटा, ते ठरवतं. याला प्रगती म्हणायचं की झोप, हे मला अठरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आज मात्र सात मिनिटांत भागणार नाही. उद्या केंद्राची शिक्षण परिषद आहे आणि नमुना पाठ माझ्याकडे आलाय. विषय हातच्याची वजाबाकी. अकरा शाळांचे तीसेक शिक्षक समोर बसणार, शिवाय विस्तार अधिकारी साहेब येणार असं कळलंय. कार्डशीट आणून ठेवलेत, दशकाचे गठ्ठे बांधायला रंगीत काड्या आणि रबर घेतलेत. आज वर्गात रंगीत तालीम करायची आणि उद्या प्रयोग, असा बेत आहे.

सकाळी ८.४५

अंबडच्या चौकात आमची गाडी उभी राहते. सहा शिक्षक मिळून महिन्याच्या बोलीवर लावलेली ईको. मत्स्योदरीची टेकडी मागे पडली की घनसावंगी तालुक्याच्या दिशेने रस्ता सुटतो. डिसेंबर असल्याने दोन्ही अंगांना कापसाची वेचणी, शेंगांनी वाकलेली तूर आणि मध्येच मोसंबीची एखादी हिरवी बाग. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला की दहा मिनिटं गेलीच.

ती दहा मिनिटं आमच्या कामी येतात. माझ्या नोकरीतलं खरं प्रशिक्षण या गाडीत झालंय, असं म्हटलं तर साहेबांना राग येईल, पण ते खोटं नाही. आज पहिलीला शिकवणाऱ्या मैत्रिणीची तक्रार होती की 'सदतीस' म्हटलं की निम्मी पोरं ७३ लिहितात. त्यांचं काय चुकतं? कानावर सात आधी पडतो, तो हात आधी लिहितो. कानडी-तेलुगूत दशक आधी बोलतात, आपल्याकडे एकक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात 'बहात्तर'च्या जोडीला 'सत्तर दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर पुन:पुन्हा समजावत होत्या की मुलांना संख्या सोपी जावी एवढाच हेतू आहे. त्या वेळी याच गाडीत आम्हीही 'सत्तर दोन'वर पोट धरून हसलो होतो. कारण 'बहात्तर' आमच्या अंगवळणी पडलेला. जे आपल्याला सोपं झालं ते कधीकाळी अवघड होतं, हेच माणूस विसरतो. शिक्षकाने ते विसरून कसं चालेल?

"मी सांगते, संख्येचं शेपूट आधी लिहा," मागच्या सीटवरून दुसरी म्हणाली. "सदतीसचं शेपूट काय? तीस. म्हणून तीन आधी."

"आणि एकोणतीसचं?"

गाडीत एकदम शांतता. एकोणतीसचं शेपूटही तीसच, आणि लिहायचा दोन. "ते माझं रोजचं दुखणं आहे," ती म्हणाली आणि सगळे हसले. पण 'शेपूट' मी मनात टिपून घेतलं, आणि त्याला एकोणतीसपाशी असलेलं भोकही.

हे असलं ज्ञान कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ते वर्गात तयार होतं, गाडीत बोललं जातं आणि अंबडच्या चौकात उतरलं की विरून जातं. त्याच्या उलट एक ज्ञान असं आहे की ते आम्ही नोकरीला लागायच्या आधीच अंगात घेऊन येतो. शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५च्या 'स्कूलटीचर' या पुस्तकात ते दाखवलंय. शिक्षक होण्याआधी प्रत्येकाने विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकाकडे बघितलेलं असतं. ती न सांगता झालेली उमेदवारी असते. पण बघितलं जातं ते बाकावरून. गुरुजींचा खडू दिसतो, छडी दिसते, लाल पेन दिसतं. त्यांनी हाच प्रश्न आज का विचारला, ते बाकावरून दिसत नाही. म्हणून डी.एड.ची दोन वर्षं वरवर राहतात आणि वर्गात गोंधळ झाला की माझ्या तोंडून माझ्या चौथीच्या बाईंचं वाक्य बाहेर पडतं, त्यांच्याच सुरात.

सकाळी ९.४०

शाळेचं कुलूप, घंटा, झाडलोट, परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. यात नवं सांगण्यासारखं काही नाही आणि ते नसावंच. पोरं ज्या तालावर रांगेत येतात त्या तालावर पुढचा दिवस उभा राहतो.

आमची शाळा द्विशिक्षकी. गुरुजी पहिली-दुसरी घेतात आणि मुख्याध्यापकाचा भारही तेच सांभाळतात. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग. पटावर पंचवीस, आज हजर एकोणीस. दिवाळीनंतर गावातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गेली. काही पोरं आईबापांबरोबर फडावर गेली, काही आजी-आजोबांजवळ मागे राहिली.

वर्गाच्या फरशीवर अजून थोडा रंग दिसतो. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार) हा शब्द गावोगाव पोचला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी केलेलं काम बघायला राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. आम्हीही गेलो. येताना मोबाइलमध्ये फरशीचे फोटो आणले आणि महिन्याभरात आमची फरशी रंगवून घेतली. वर्तुळं, संख्यारेषा, अक्षरांची फुलं. कुमठ्याच्या फरशीमागे काही वर्षं मुलांशेजारी बसून त्यांना न्याहाळणं होतं. ते फोटोत येत नाही. मी पोरांना फुलावर उभं केलं आणि नेहमीसारखं फळ्यावरच शिकवलं. आता पोरं जिथे बसतात तिथला रंग गेलाय आणि कोपऱ्यात कोणी बसत नाही तिथली फुलं तेवढी शाबूत आहेत.

सकाळी १०.३०

चौथीला भागाकाराची पाच गणितं देऊन भिंतीकडे बसवलं आणि तिसरीला काड्या वाटल्या. दहा काड्या, एक रबर, झाला दशक. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून अडतीस काढायच्या. दोनातून आठ जात नाहीत, मग एक गठ्ठा सोडा. आता सुट्या बारा. बारातून आठ गेल्या चार, चार गठ्ठ्यांतून तीन गेले एक. चौदा. रबर सुटताना काड्या फरशीवर पसरतात त्या आवाजाने पोरं खूश होतात. उद्या साहेबांनाही हे आवडेल, असं वाटून गेलं.

मग वहीत पाच उदाहरणं दिली आणि नेहमीचं सुरू झालं. "मॅडम, माझं झालं!" टेबलाभोवती गराडा, हातात लाल पेन. मी वही तपासते म्हणजे काय करते, ते मी आज पहिल्यांदा बघितलं, तेही नंतर. नजर उत्तरावर जाते, मग पायरीवर, हात खूण करतो, डोळे पुढच्या वहीवर. एका वहीला फार तर दहा सेकंद. अठरा वर्षांत माझं सगळ्यात जास्त वेळा झालेलं काम हेच असेल आणि त्याकडे मी एकदाही बघितलेलं नाही.

एका मुलीचं ५२ − ३८ = २६ आलं. नेहमीचीच चूक. फुली.

एका मुलाची वही जरा वेगळी होती. पुस्तकाच्या रितीत वरच्या ५ वर काट मारून ४ लिहितात आणि २ चे १२ करतात. याने ५ ला हातच लावला नव्हता. वरच्या २ पाशी एक बारीक १ होता, आणि दुसरा बारीक १ खाली, ३ च्या अंगाला. दशकातून काही घेतलेलं नाही आणि १ भलत्याच ठिकाणी. मी त्या खालच्या १ भोवती लाल गोल केला, 'रीत चुकली' असं लिहिलं आणि वही परत दिली. तो काही बोलला नाही. वही मिटून जागेवर जाऊन बसला.

दुपारी १२.४५

खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, त्या प्रमाणात डाळ-तेल, ताईंच्या हातची चव, माझी चव नोंदवहीत सही, आणि मग मोबाइलवर किती जेवले त्याचा आकडा. नेटवर्क हवं असेल तर गेटजवळच्या लिंबाखाली उभं राहावं लागतं.

तिथेच उभी होते तेव्हा तो मुलगा आला. जेवणाच्या सुट्टीत घरी पळाला असणार, कारण बरोबर आजोबा होते. धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात शेळीला हाकायची काठी. आईबाप फडावर, त्यामुळे पोराचं सगळं आजोबांकडेच.

"बाई, पोराचं गणित चुकलं म्हन्तो."

"आबा, रीत चुकलीय त्याची."

"चौदाच येतंय की! रीत मीच दावलीय त्याला."

मी वही मागून घेतली. पाचही उत्तरं बरोबर होती. एखादं उत्तर चुकून बरोबर येतं, पाच येत नाहीत. हे मला टेबलापाशी दिसायला हवं होतं. "कसं काढता आबा, दाखवा बरं."

आबा तिथेच उकिडवे बसले आणि काठीच्या टोकाने धुळीत आकडे काढले. वर बावन्न, खाली अडतीस. "दोनातून आठ जात न्हाईत. हातचा घेतला एक. बारातून आठ गेले, ऱ्हायले चार. तीन आन् हातचा एक, चार. पाचातून चार गेले, एक. चौदा." एका दमात, पाढा म्हणावा तसं.

"आबा, हातचा खालच्या तिनात का मिळवला?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बहुधा भाकरी गोल का थापतात असं कोणी विचारल्यावर माझ्या आजीने असंच बघितलं असतं. "गुर्जींनी सांगितलं व्हतं म्हनून. चौथी शिकलोय म्या. तवापासून कापसाच्या पट्टीत एक रुपया चुकला न्हाई."

मागून गुरुजी हात पुसत आले. धुळीतलं गणित बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे, वरच्याला दहा, खालच्याला एक! आमच्या वडलांची रीत ही."

"पण का, गुरुजी?"

"का म्हणजे?" ते हसले, मग हसू ओसरलं. "ते कधी विचारलंच नाही."

लिंबाखाली आम्ही तिघं. एकाने तीच रीत साठ वर्षं बिनचूक चालवलेली, त्याला कारण ठाऊक नाही आणि कारणावाचून त्याचं काही अडलं नाही. दुसऱ्याने ती घरात ऐकलेली. आणि तिसरी मी, डी.एड. झालेली, गठ्ठे सोडायची रीत कारणासकट सांगू शकणारी, पण दुसऱ्या रितीने बरोबर आलेलं उत्तर समोर असताना तिच्यावर लाल गोल करणारी. माझं ज्ञान एका रितीपुरतंच होतं. तिच्याबाहेर काही दिसलं की माझ्या हाताला एकच येत होतं, फुली.

दुपारी १.३०

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. कार्यालयातल्या फळ्यावर मी आणि गुरुजींनी गणित मांडलं. वरच्या एककाला दहा दिले म्हणजे बावन्नचे झाले बासष्ट. खालच्या दशकाला एक दिला म्हणजे अडतीसचे झाले अठ्ठेचाळीस. दोघांना दहा-दहाच मिळाले. बासष्टातून अठ्ठेचाळीस गेले, उरले चौदाच. अंतर हललंच नाही! गुरुजींनी खडू खाली ठेवला. "चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळून घंटा द्यायला गेले.

पण हे पोरांना कसं सांगायचं? आठ वर्षांच्या मुलाला 'दोन्ही संख्यांत समान संख्या मिळवल्यास फरक बदलत नाही' हे वाक्य देऊन काय उपयोग? वर्गात शिरताना दोन बहिणी पुढे चालल्या होत्या, एक चौथीत, एक पहिलीत.

"तू किती वर्षांची?"

"नऊ."

"आणि ही?"

"सहा."

"दहा वर्षांनी?"

तिने बोटं मोजली. "मी एकोणीस, ही सोळा."

"मग तू तिच्यापेक्षा कितीने मोठी?"

"तीनच की, मॅडम!" असं कसं विचारता, हा भाव.

त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू दिला. त्याने आबांची रीत मांडली, मी बहिणींची वयं मांडली. दोघांना दहा वर्षं दिली. निम्म्या वर्गाला कळलं, निम्म्याला उद्या कळेल. मग मी त्याची वही घेऊन लाल गोलावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'रीत बरोबर आहे. मला कळली नव्हती.' त्याने ते दोनदा वाचलं आणि शेजाऱ्याला दाखवलं.

दुपारी २.१५

आता २६ वाल्या मुलीकडे वळले. सकाळी तिला फुली मिळाली होती, प्रश्न मिळाला नव्हता. "कसं काढलंस?" एवढंच विचारलं.

"आठातून दोन गेले सहा. पाचातून तीन गेले दोन."

"पण आठ तर खाली आहे."

"तुम्हीच म्हणलात ना मॅडम, लहानातून मोठा जात नाही. मोठ्यातूनच लहान काढायचा."

म्हणाले होते. जुलैत, एका अंकाच्या वजाबाक्या पक्क्या करून घेताना, पन्नास वेळा तरी. तिने माझं वाक्य जसंच्या तसं पाळलं होतं. गोंधळली नव्हती, आळसही नव्हता. फुली तिच्या वहीत पडली होती, चूक माझ्या बोलण्यातली होती.

स्टॅनफर्डमधले शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली म्हटलं होतं की शिक्षकाला विषय यावा लागतो आणि शिकवण्याची तंत्रं यावी लागतात, पण या दोन्हींखेरीज एक तिसरं ज्ञान लागतं. हा विशिष्ट घटक मुलांना कुठे अडतो, त्यांच्या डोक्यात आधीपासून काय बसलेलं असतं, आणि कुठला दाखला दिला की गाठ सुटते, हे ते ज्ञान. गणितज्ञाला ते लागत नाही, हिशेबनिसाला लागत नाही, शिक्षकाला लागतं. डी.एड.च्या नोट्समध्ये मी हे कधीतरी लिहून घेतलंही असेल. आज त्याला चेहरा मिळाला, दोन वेण्या आणि हातात तुटकी पेन्सिल.

मग तिच्या हातात काड्या दिल्या. "यातून आठ मला दे." दोन सुट्या काड्या दिल्यावर ती थांबली. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रबर स्वतःच काढलं. सकाळी मी सांगितलं म्हणून रबर काढणं आणि आता अडलं म्हणून काढणं, यांतला फरक तिच्या चेहऱ्यावर दिसला.

दुपारी ३.२०

चौथीचं अनुलेखन. वर्ग शांत, पेन्सिलींची खसखस तेवढी. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, पान कसं राखावं. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथाला अक्षराच्या वळणावर एक समास खर्च करावासा वाटला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. मराठीत आपण अक्षराला वळण म्हणतो, पोराला वळण लावतो, आणि 'अभ्यास' हा शब्द समजून घेण्यालाही वापरतो आणि पुन:पुन्हा करण्यालाही. दोन्ही एकच काम असल्यासारखं.

सवयीला नावं ठेवून शिक्षकाचं भागत नाही. परिपाठ, रांगा, एका वर्गाला काम देऊन दुसऱ्याकडे वळणं, हे सगळं रोज नव्याने ठरवायचं म्हटलं तर जोडवर्ग एक दिवस चालणार नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९९ साली शिक्षकांसाठीची आपली व्याख्यानं छापली, त्यांत हेच आहे. रोजची कामं सवयीच्या हवाली करावीत म्हणजे डोकं वरच्या कामाला मोकळं राहतं. माझं गणित इथेच बिघडलं. सवयीने मोकळा झालेला वेळ मी वरच्या कामाला लावला नाही. वरचं कामही सवयीच्याच हवाली केलं.

दुपारी ४.३०

पोरं गेली. आता रजिस्टरं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी बाकी आहेत. बाजारात नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात, विषयवार, उताऱ्यासारख्या. 'गणिती क्रिया अचूक करतो.' 'संख्यांवरील क्रियांत सरावाची गरज.' मीही त्यातूनच उतरवत आले. तीच वाक्यं, पोरं वेगळी.

आज दोन नोंदी माझ्या शब्दांत लिहिल्या. एक: 'वजाबाकीत दोन्ही संख्यांना दहा देण्याची घरची रीत वापरतो, आता कारण सांगू लागला आहे.' दुसरी: 'प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान काढते. शिक्षिकेच्या सूचनेतून झालेला समज. काड्यांवर स्वतः दुरुस्त केला.' ठरलेल्या रकान्यात मावल्या नाहीत. समासात गेल्या.

सायंकाळी ५.१५

परतीच्या गाडीत सगळं सांगितलं. पहिलीवाली गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या वर्गातही मीच म्हणते, लहानातून मोठा जात नाही." मागचे सर म्हणाले, "मॅडम, परिषदेत हे नका सांगू. स्वतःची चूक कशाला दाखवता? साहेब बसलेले असतात. काड्या दाखवा, टाळ्या घ्या, मोकळ्या व्हा."

त्यांचंही खोटं नाही. परिषदेत आम्ही चांगलं तेवढंच नेतो. नमुना पाठ म्हणजे झालेला पाठ, इस्त्री केलेला. अडलेला पाठ कोणी नेत नाही. म्हणून परिषदेतून परतताना फोटो बरेच मिळतात, वर्गात उपयोगी पडेल असं फार थोडं.

रात्री ९.१०

स्वयंपाक, लेकीचा अभ्यास, सासूबाईंची गोळी. मग मोबाइलवर ऑनलाइन प्रशिक्षणाचं उरलेलं मोड्यूल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाने व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत. अपेक्षा रास्त आहे. पण शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत असतात, आणि प्रमाणपत्र मिळालं की तास भरले. आज लिंबाखाली गेलेली पंधरा मिनिटं कुठल्या तासांत धरायची?

दुसरी एक गोष्ट आठवली. लिपिंग मा या चिनी बाई सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शांघायहून खेड्यात पाठवल्या गेल्या, तिथे प्राथमिक शाळेत शिकवत राहिल्या आणि पुढे अमेरिकेत संशोधक झाल्या. १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी शिक्षकांशी केलेल्या बोलण्याचा आधार आहे, आणि त्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण हातच्याच्या वजाबाकीवर आहे. चिनी शिक्षकांचं शालेय-महाविद्यालयीन शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होतं, तरी अनेकांची प्राथमिक गणिताची समज खोल निघाली. ती त्यांना नोकरीत मिळाली होती. पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ एकत्र बसून अभ्यासणं, सहकाऱ्यांकडून शिकणं, मुलांच्या रितींकडून शिकणं आणि स्वतः गणितं सोडवणं, एवढीच त्यांची साधनं. यातलं आमच्याकडे काय नाही? गाडी आहे, परिषद आहे, पुस्तक आहे, धुळीत गणित मांडणारे आबाही आहेत. एकमेकांना 'का' विचारायची सवय तेवढी नाही. आणि ती प्रमाणपत्राने लागत नाही. 'सदतीस' जसा घोटून घोटून बसतो तशीच ती बसवावी लागेल.

रात्री १०.००

कार्डशीटवर काढलेलं गठ्ठ्यांचं चित्र बाजूला ठेवलं. कोऱ्या कार्डशीटवर मोठ्या अक्षरात एकच गणित तीनदा मांडलं. एकात वरचा ५ कापलेला. दुसऱ्यात खालच्या ३ च्या अंगाला बारीक १. तिसऱ्याचं उत्तर २६. नावं नाहीत, शाळा नाही, खुणा नाहीत.

उद्या तीस जणांना गटात बसवून विचारायचं: ही तीन मुलं काय विचार करत होती? दुसऱ्याचं उत्तर बरोबर का आलं? तिसरीला असं करायला कोणी शिकवलं? साहेबांना आवडेल की नाही, सांगता येत नाही. मधलं 'का' बऱ्याच जणांना सुटणार नाही, असा माझा अंदाज आहे. मलाही आज दुपारी दीडपर्यंत सुटलं नव्हतं, ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

टाचण वहीत हेतुकथनाच्या जागी हात सवयीने 'आज आपण' लिहून गेला. ते खोडलं आणि तिथे पहिला प्रश्न लिहिला. मग दुसरा. तिसऱ्या प्रश्नाचे शब्द चार वेळा बदलले. सकाळच्या पोळ्यांची कणीक मळायची राहिली होती म्हणून घड्याळाकडे बघितलं, तर अकराला दहा कमी. एका टाचणाला पाऊण तासाच्या वर वेळ गेला होता. असं डी.एड. संपल्यापासून झालं नव्हतं.